मुकं चाक

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण गाडी त्याच्या गॅरेजच्या फाटकातून आत येईपर्यंत तिचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून सांगे. त्या नावाचा त्याला भारी तोरा. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, अशी त्याची तक्रार असे. कान म्हातारे होतात ते इतरांचे!

दारातली जुनी मोटारहोम, आत राहता-झोपता येईल अशी गाडी, त्याने आणि बायकोने म्हातारपणी फिरायला म्हणून घेतली होती. फिरणं राहूनच गेलं. बायकोने अंथरूण धरलं आणि एका दुपारी, तो शेजारच्या खोलीत कार्ब्युरेटर साफ करत बसलेला असताना, ती गेली. मधलं दार उघडंच होतं. "शांतपणे गेली हो. साधी हाकसुद्धा मारली नाही," असं तो भेटेल त्याला सांगे. त्या एका वाक्याच्या आधारावर बिचाऱ्याने कसंबसं वर्ष ढकललं होतं.

आता लेक ती गाडी घेऊन समुद्रापर्यंत जाणार होती. आईची हौस, म्हणून. वाटेत लांबच लांब उतार. म्हणून पुढचे ब्रेक आणि चाकांची बेअरिंग बदलायच्या कामाला त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गाडी जॅकवर उचलली, खाली ठोकळे दिले. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने टांगला, गंजलेली डिस्क हातोडीने ठोकून ठोकून काढली. तळहातावर ग्रीस घेऊन नव्या बेअरिंगच्या फटीफटीत दाबून भरलं. सगळं पुन्हा चढवलं आणि मग त्याची खास पद्धत सुरू झाली. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने नट आवळत जायचा. चाक कण्हायला लागलं की थांबायचं आणि नट जरासा सैल सोडायचा. मोजमाप काही नाही, सगळा कानाचा कारभार.

त्याने आवळलं. चाक कण्हेना. आणखी आवळलं. जरा जड फिरतंय, पण नवं आहे, चालायचंच, असं म्हणून त्याने पुन्हा पाना लावला.

घरातून लेक धावत आली. "बाबा, थांबा! केवढं करकरतंय ते!"

"कुठे काय? अगदी मुकं आहे."

तिने वाद घातला नाही. त्याचा हात धरून चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला आणि चाक जोरात फिरवलं. बोटांना खरखर लागली, चांगली दातांपर्यंत पोचली. कानात मात्र काहीच नाही.

त्याने पाना खाली ठेवला. त्याचा चेहरा पाहून लेकीला वाटलं, नावाची नामुष्की जिव्हारी लागली असेल.

"मधलं दार उघडं होतं गं," तो म्हणाला. "तिने हाक मारली असेल."

 लेक त्याच्याजवळ बसून हळूच काहीतरी म्हणाली. त्याला नुसते ओठ हललेले दिसले.

"ऐकू नाही आलं मला. मोठ्याने सांग."

हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदाच बोलला होता. लेकीने दोनदा प्रयत्न केला. शेवटी तिला ओरडावंच लागलं, इतकं की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली.

"आईने हाक मारली नव्हती, बाबा!"

"तू कुठे होतीस तेव्हा घरात?" तो म्हणाला.

त्यावर ती काय बोलली ते त्याला कळलं नाही, आणि त्याने पुन्हा विचारलंही नाही.