पांढऱ्या भुकटीची बरणी

दुकानात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे नाक. "नाक आलं," असं कोणी जिन्यावरून सांगितलं की तंबाखू कापणारे हातातला चहा बाकाखाली सरकवत आणि कारकून तोंडातली पेपरमिंटची गोळी न चघळता गिळून टाकी. साहेब चव घेणार त्या दिवशी आसपास दुसरा कसलाही वास चालत नसे. एकाने केसांना वासाचं तेल लावलं होतं, तर भर थंडीत साहेबांनी त्याला नळाखाली डोकं धरायला लावलं. स्वतः टॉवेल घेऊन शेजारी उभे राहिले, पण तो टॉवेल शेवटपर्यंत दिला नाही.

नाक होतंही तसंच, हे कबूल करायला हवं. पाइपच्या तंबाखूचं ते जुनं दुकान. पानं यंत्रात दाबून लाद्या करायच्या, लाद्यांच्या पातळ पट्ट्या कापायच्या, पट्ट्या बरण्यांत भरून तळघरात मुरायला ठेवायच्या. काही वर्षांनी बरणी वर आली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून साहेबांनी वास घ्यायचा, पट्टी दुमडून पाइपात भरायची, दोन झुरके घ्यायचे आणि सांगायचं, झाली किंवा नाही झाली. त्यांचा शब्द शेवटचा. त्या खुर्चीवर मालकसुद्धा बसत नसत.

घरी तेच. पहिल्या पायरीवरूनच ते ओळखायचे. "कोबी. आणि खाली लागलाय." बायकोनं दार उघडण्याआधी तिची चूक जिनाभर झालेली असे. दाराशी आल्यावर पुन्हा विचारायचे, "खोटं बोललो का?" ती नाही म्हणायची. चव घेण्याच्या दिवशी घरात कांदा तळायचा नाही, साबण बिनवासाचा, केसांना पाणी तेवढं लावायचं. लग्नात तिनं आणलेली अत्तराची बाटली साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मोरीत ओतली होती. रिकामी बाटली तिनं कपाटात ठेवून दिली.

तिच्या धाकट्या भावाला साहेबांनीच तळघरात कामाला चिकटवलं, आणि हा उपकार त्याला कधी विसरू दिला नाही. मेहुणा नवा होता तेव्हा एका जुन्या बरणीतल्या पट्ट्यांवर त्याला पांढरी भुकटी दिसली. बुरशी लागली म्हणून त्यानं सगळी बरणी उकिरड्यावर नेऊन ओतली. चांगली मुरलेली पट्टी अशीच पांढरी पडते, पानातली साखर वर येते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला साहेबच होते, पण त्यांनी ते एकट्याला बोलावून सांगितलं नाही. त्यांनी सगळं दुकान गोळा केलं, उकिरड्यातून एक पट्टी उचलून आणवली आणि मेहुण्याच्या तोंडापुढे धरली.

"चाट."

"भाऊजी, चुकलं माझं."

"चाट म्हटलं ना? गोड लागतं का सांग सगळ्यांना."

त्यानं चाटलं. गोड लागलं. माणसं पोट धरधरून हसली, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव चाट्या पडलं. "ज्याला नाक नाही तो जीभ लावतो," असं साहेब पुढे वर्षानुवर्षं येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत, आणि दर वेळी चाट्याकडे बोट दाखवत. चाट्याच्या लग्नातही ही गोष्ट त्यांनी नवरीच्या बापाला सांगितली. चाट्या हसला. बहीण हसली नाही.

मग एका हिवाळ्यात साहेबांना ताप आला. ताप उतरला, वास परत आला नाही. डॉक्टरनं नाकात दिवा घालून पाहिलं आणि आता आशा धरू नका म्हणून सांगितलं. साहेबांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. जिभेला अजून गोड, कडू, आंबट कळत होतं. बाकी सगळं त्यांनी आठवणीवर आणि समोरच्यांच्या तोंडांवर चालवलं. बरणी उघडली की आधी इतरांच्या चेहऱ्याकडे बघायचं, डोळे मिटायचे, मग वाळकं गवत, अंजीर, जुनं लाकूड असं काहीतरी गंभीर आवाजात बोलायचं. भीती एकच होती. म्हातारे मालक जाऊन त्यांची मुलगी गादीवर आली होती, आणि ती हसत हसत म्हणाली होती, "साहेबांचं नाक चुकलं, की ती खुर्ची दुसऱ्याची." खुर्ची गेली तर आपल्याजवळ दुसरं काहीच नाही, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. माणसं त्यांनी जोडलीच नव्हती.

एका सकाळी ते पेपर वाचत बसले होते. मान वर केली तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, दूध करपून काळं झालेलं, आणि बायको दारात उभी राहून त्यांच्याकडे बघते आहे. पुढच्या चव घेण्याच्या दिवशी त्यांना केराच्या डब्यात कांद्याची सालं दिसली. कढई अजून गरम होती. कपाटावर अत्तराची नवी बाटली होती, निम्मी संपलेली. साहेबांनी ती बाटली उचलून पाहिली. "कोणाला सांगू नकोस," एवढं म्हणायला हवं होतं. पण बायकोजवळ पाण्याच्या तांब्याशिवाय आजवर त्यांनी काही मागितलं नव्हतं, आणि कसं मागायचं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. पायात बूट घालून ते निघून गेले.

त्यांनी स्वतः भरून ठेवलेली जुनी बरणी उघडायचा दिवस आला. जुनी गिऱ्हाइकं पाइप घेऊन बसली. मालकीण बसली. तळघरातून चाट्यानं बरणी आणली आणि झाकण काढलं. पट्ट्यांवर पांढरं होतं, भरपूर.

साहेबांनी तोंडं पाहिली. कोणाच्याही चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. झाकणाच्या रबराला बारीक चीर होती, ती त्यांना दिसली. ओल आत गेली असेल, नसेलही. पट्टी जिभेला लावली असती तर क्षणात कळलं असतं. पण त्या खोलीत जीभ लावायची म्हणजे काय, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं.

"तुला काय वाटतं रे?" त्यांनी चाट्याला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं, भाऊजी? तुम्ही सांगा."

साहेबांनी बरणीत नाक घातलं, डोळे मिटले. "अंजीर," ते म्हणाले. "मागून जुनं लाकूड. साखर वर आलीय सगळी. झाली."

मालकिणीनं रुमाल नाकाला लावला. एक गिऱ्हाईक उठून खिडकी उघडायला गेलं. बरणीतून ओल्या पोत्याचा कुबट वास सगळ्या खोलीत पसरला होता, आणि तो फक्त एकाच माणसाला येत नव्हता.

"मग ओढा ना," मालकीण म्हणाली. "आम्ही बघतो."

त्यांनी पट्टी दुमडून भरली, काडी ओढली. पहिल्याच झुरक्याला जिभेवर कडू जहर उतरलं आणि त्यांना कळून चुकलं. तिथंच पाइप ठेवून "चुकलो" म्हणता आलं असतं. समोरचा एकही पाइप पेटलेला नव्हता.

"कशी आहे?"

"उत्तम."

"पुरी ओढा मग."

ते ओढत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, खोकला आला. मध्येच पाइप विझला, तेव्हा चाट्या पुढे झाला आणि त्यानं स्वतः काडी ओढून धरली. राख होईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मग मालकीण उठली आणि म्हणाली, "साहेब, उद्यापासून तुम्ही घरी आराम करा." खुर्ची चाट्यानं उचलून, पुसून पुन्हा खिडकीशी ठेवली.

"जीभ लावून बघायचं होतं, भाऊजी," तो हळूच म्हणाला. "मी लावली होती सकाळी."

साहेब जिना चढून घरी आले. पायऱ्यांवर ते गप्प होते. बायकोनं दार उघडलं. तिच्या हातात झाकलेलं पातेलं होतं.

"ओळखा," ती म्हणाली.

ते उभे राहिले. तिनं झाकण काढलं नाही, आणि दारातून बाजूलाही झाली नाही.