टॉवेलांच्या घड्या

त्या पाद्र्याचा विषय निघाला की माझा थोरला भाऊ हसत विचारतो, "मग, तुझा बाप्तिस्मा कवा?" माझं डोकंच फिरतं.

मी प्रवासी जहाजावर कपडे धुवायच्या कामाला होतो. आमचे वडील, अण्णा, मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते आणि मुकादम मला फोनला सोडत नव्हता. आधी टॉवेल संपव म्हणे! जहाज ज्या बंदराला लागलं होतं, तिथं खलाशांची विचारपूस करणारा एक म्हातारा पाद्री जहाजावर आला होता. पिशवीत लोकरीच्या टोप्या आणि सिमकार्डं. मी मुकादमाला मराठीत घातलेल्या शिव्या ऐकून तो थबकला. तोही मिरजेचाच निघाला. सगळं ऐकून त्यानं माझ्या फोनात कार्ड घातलं, बाह्या सरसावल्या आणि माझ्या जागी उभा राहिला.

"देवाचं नंतर बगू. तू आदी बापाशी बोल. घड्या मी घालतो."

मुकादम ओरडत राहिला. म्हातारा मान वर न करता काठाला काठ जुळवत राहिला. अण्णांशी मी बोललो ते तेवढंच.

काल भावानं पुन्हा तेच विचारलं. मी ताडकन उठलो.

"दादा, त्या दिवशी अण्णांच्या कानाला फोन तूच धरला हुतास न्हवं? तवा तिकडं माझ्या वाटणीच्या घड्या कोण घालत हुतं?"