पद म्हणजे गाणं नव्हे

माझ्या बायकोच्या मामांनी पिंपरीतल्या जेवढ्या दमलेल्या माणसांना संगीत नाटक समजावलं, तेवढी माणसं कंपनीच्या भोंग्यानेही हलवली नसतील. रात्रपाळी करून मी चपला काढतो न काढतो तोच मामा खाटेवर तयार. "नांदी म्हणजे काय, सांग." मी म्हणे, "नाटकाआधीची प्रार्थना." "आणि भरतवाक्य?" "नाटक संपतानाची. मामा, जरा पडू का?" "मग मधलं नाटक कोण ऐकणार?" आणि मधलं सगळं ते पदांसकट म्हणून दाखवत. ते आमच्याच कंपनीत स्टोअरला होते. कुणी नट मागायला गेला की आधी विचारत, "कुठला? गाणारा की नुसता बोलणारा?"

कुरुळीहून सायकलवर येणारा एक टर्नर होता, गोड गळ्याचा. त्याने एकदा सरळ विचारलं, "मामा, पद म्हंजी गानंच न्हवं का?" मामा दुखावले. "गाणं कुठंही म्हणावं. बोलता बोलता माणसाला शब्द पुरेनासे झाले, की सुरू होतं ते पद." टर्नर विचार करून म्हणाला, "तरीच आमचा फोरमन गात न्हाई. त्याचं शब्द संपतच न्हाईत."

याच टर्नरला नायक करून मामांनी गॅदरिंगला संगीत नाटक बसवलं. स्वतः सूत्रधार, प्रॉम्प्टिंग माझ्याकडे. तालमीत कुणाची कपबशी वाजली तरी मामा तालीम थांबवून त्याला बाहेर काढत. प्रयोगाला जागा मिळाली कँटीनमध्ये, रविवारी सकाळी. रात्रपाळी सुटली ती तशीच येऊन बाकांवर बसली. नांदी झाली, सूत्रधार झाला, टर्नरने पहिलं पद घेतलं आणि त्या सुरावर पुढची ओळ घोरायला लागली. मागोमाग सगळं कँटीन. टर्नर गांगरून विंगेत आला. "मामा, समदी झोपली. पडदा पाडायचा का?"

आता मामा भडकणार म्हणून मी पुस्तक छातीशी धरलं. त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. काळ्या हातांवर डोकी टेकवून माणसं पडली होती. मामांनी पडद्याची फट हळूच मिटली. मग तबलजीला म्हणाले, "ठेका हलक्या हातानं." आणि टर्नरला, "म्हण तू. पण खालच्या पट्टीत. रात्रभर उभे होते रे."

तिन्ही अंक आम्ही कुजबुजत केले. कुणी वन्स मोअर दिला नाही. भरतवाक्य तर मामांनी पाळण्याशी म्हणावं तसं म्हटलं. जेवणाची ताटं वाजली तेव्हा माणसं जागी झाली. एकजण डोळे चोळत म्हणाला, "झ्याक झोप लागली राव! घरी पोरं झोपू देत न्हाईत."

"पुढच्या रविवारी परत करू की," मामा म्हणाले.

मग ते माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. "तू तरी जागा होतास ना?"

"होतो."

"कसं झालं?"

"फार छान झालं, मामा," मी म्हटलं. रंग न पुसताच माझ्या खांद्यावर डोकं टेकवून त्यांना झोप लागली होती. भोवती पंगती बसल्या, उठल्या. मी हललो नाही.