दार वाजवायच्या आधी भरलेला रकाना

हे मी एकाही सभेत बोललेले नाही. घरीही नाही. माईक हातात आला की दुसऱ्यांच्या चुका मला भराभरा आठवतात. ही तेवढी आठवत नाही — म्हणजे आठवते. बोलत नाही.

भिवंडीत खाडीकडच्या मोहल्ल्याला लागून एक मराठी शाळा आहे. पट कमी म्हणून ती बंद करायचं घाटत होतं. मी पेटले. मी आणि आमची काही कार्यकर्ती मुलं घरोघरी फॉर्म घेऊन निघालो — घरात किती माणसं, शिकलेलं कोण, मातृभाषा कोणती. पत्रक तर मी आधीच लिहून ठेवलं होतं: 'आपल्याच गावात मराठी परकी!' त्यात गोऱ्या साहेबालाही झोडपलं होतं. त्यानं शिरगणती करून माणसं रकान्यांत कोंबली, एका घराला एकच भाषा दिली, आणि जाताना रकाने इथेच ठेवून गेला. वाक्य चांगलं होतं. अजून आवडतं मला.

आणि मी काय केलं? मोहल्ल्यातल्या दारांवरच्या मुस्लिम नावांच्या पाट्या बघितल्या आणि जिन्यातच लिहीत गेले — उर्दू, उर्दू, उर्दू. न विचारता.

एका दारात हमीदाखाला उभी राहिली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लूम, कापडाचे माग. "ये गो बाय, उनातनं आलीस. चाय पी, मंग लिव." सुनेवर ओरडली तेही याच बोलीत. माझ्या आजोळी, अंजूरला, बोलतात तशी. फॉर्म मांडीवर, पेन हातात — एक शब्द खोडायला किती वेळ लागतो?

"काय लिवलंस गो?" तिनं विचारलं.

"नाव-पत्ता," मी म्हणाले. तिनं विश्वासानं, न वाचताच खाली सही केली.

खोडला असता तर पत्रकातली आग विझली असती. मला आग हवी होती. शाळा हवी होती की आग — हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

शाळा बंद करण्यावर शाळेतच सुनावणी झाली; तिथे अधिकाऱ्यांनी माझंच पत्रक, फॉर्मांवरचे आकडे घालून छापलेलं, वाचून दाखवलं. "इथे मराठी घरंच उरली नाहीत, असं तुम्हीच म्हणता. मग शाळा कुणासाठी?" मी पत्रकाची घडी घालत बसले. मी!

तेव्हा मागून हमीदाखाला उठली. सोबत मोहल्ल्यातल्या बाया होत्या. "साहेब, माजा पोरगा हितंच शिकला, आता नात हाय. घरात उर्दू बी हाय न् ही बी हाय. तुमच्याफुडं बोलते ती कंची वाटली तुमाला?" लोक हसले. मग ती माझ्याकडे वळली. "ह्या बायला इचारा. आलेली माज्या घरी."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "आमच्या मुलांकडून फॉर्म भरताना चूक झाली."

मुलांकडून. ती मुलं तिथेच बसली होती.

शाळा राहिली. हमीदाखाला अजून रस्त्यात थांबवते, सोबतच्या बाईला सांगते, "हीच ती, शाळा वाचवणारी." तिनं मला त्या दिवशी उघडं पडू दिलं नाही, आणि तिला ते माहीतही नाही. माझं आजोळचं बोलणं मला परत तिच्याच दारात ऐकायला मिळालं. तिचं देणं माझ्याकडे फार आहे.

फॉर्म माझ्या कपाटात आहे. खाली तिची सही — मराठीत, वळणदार, शाळेत गिरवलेली. वर माझ्या अक्षरात 'उर्दू'. शाळा तिनं वाचवली. रकाना मी भरला होता. दार वाजवायच्या आधी.