नवा कळफलक आणि आवक-जावकची खुर्ची

मराठी कळफलकावर 'क' कुठे असतो असं कोणी विचारलं, तर मला सांगता येत नाही. तीस वर्षं मराठी टाईप करून खाते आहे, तरी नाही. मला आधी दोन्ही हात हवेत धरावे लागतात, मनात 'क' म्हणावं लागतं, मग जे बोट खाली जाईल त्याच्याकडे बघून मी सांगते, "हा, इथे." माझ्या मुलीने लहानपणी हा प्रकार पाहिला आणि शाळेत जाऊन सांगितलं, की आमची आई हवेत पेटी वाजवते.

ही विद्या मी बारावीनंतर खडकीतल्या एका टायपिंग क्लासमध्ये शिकले. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला. "हातात कला असली की कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. क्लासमध्ये मशीनच्या कळांवर पुठ्ठ्याचं झाकण असायचं, म्हणजे बघून टाईप करायची सोयच नाही. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली, चाळीसची दिली, आणि पेठेतल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात चिकटले. पहिल्याच दिवशी मागच्या टेबलावरून ऐकू आलं, "कोट्यातली दिसतेय. स्पीड काय असणार!" मी मशीनमध्ये कागद चढवला आणि सुरू केलं. आठवड्याभराने तसं कोणी बोललं नाही. बोललं असेलही, पण मशीनच्या आवाजात मला ऐकू येणार कसं?

पुढे संगणक आले, पण त्यांतल्या फाँटची मांडणी जुन्या मशीनसारखीच होती. बोटांना पत्ताच लागला नाही की मशीन गेलं. माझं सगळं बरं चाललं होतं.

गेल्या पावसाळ्यात मात्र वरून फर्मान आलं, की यापुढे सगळी पत्रं ऑनलाइन चढवायची. मी एक पत्र चढवलं. आमच्या संस्थेचे कार्यवाह, म्हणजे कार्यालय ज्यांच्या हुकमावर चालतं ते बहात्तर वर्षांचे गृहस्थ, खिशाला एक निळं आणि एक लाल अशी दोन पेनं लावून माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, हे काय आहे?"

"सर, हे आपलं मुख्याध्यापक नेमणुकीचं पत्र."

"असं? मग यात एकही मुख्याध्यापक दिसत नाही तो?"

खरंच दिसत नव्हता. पडद्यावर नुसते कंस, प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा भुगा. संगणक दुरुस्त करणाऱ्याने समजावलं, की आमच्या जुन्या फाँटमध्ये मराठी हा नुसता मुखवटा असतो; आत इंग्रजी खुणाच असतात आणि दुसरीकडे गेलं की मुखवटा गळून पडतो. आता खरी मराठी अक्षरं वापरायची, आणि आमच्या संगणकांत त्यांचा कळफलक वेगळा. जुनी मांडणी नव्या अक्षरांवर बसवून देणारं सॉफ्टवेअर असतं, असंही तो पुटपुटला. पण कार्यवाह म्हणाले, "नवं करायचं तर नवंच करा. फाटक्याला ठिगळं किती लावायची?" आणि माझ्याकडे वळून, "दिवाळीपर्यंत बघू, बाई. नाहीच जमलं तर आवक-जावक आहे. वय होतं माणसाचं, त्यात लाज कसली?"

आवक-जावक म्हणजे पॅसेजच्या टोकाचं टेबल. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, गेलेल्या पत्राला नंबर द्यायचा. काम वाईट नाही. पण तिथे बसायचं म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या पत्रांची पाकिटं चिकटवायची. आणि माझं वय झालं हे मला कोण सांगत होतं, तर माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस! मी म्हटलं, "बघू ना, सर. दिवाळीला." आवाज मी गोड ठेवला होता. घरच्यांना विचारा, माझा आवाज गोड झाला की काय होतं ते.

घरी मुलीने दोन मिनिटांत प्रश्न सोडवला. ती खराडीला एका कंपनीत आहे. तिथे प्रश्न दोन मिनिटांतच सोडवतात, उरलेला दिवस त्यावर मीटिंग.

"आई, सिम्पल आहे. फोनला बोल, तो लिहितो."

"अगं, गोपनीय अहवाल असतात. ते पाच जणांत मोठ्याने बोलून लिहू? 'यांची वर्तणूक असमाधानकारक', आणि ते समोरच चहा पीत बसलेत?"

"मग इंग्लिश लेटर्समध्ये टाईप कर. के-ए दाबलं की का येतं."

"म्हणजे मराठी लिहायला आधी इंग्रजीची परवानगी काढायची?"

"ओके. मग भोग!" असं म्हणून तिने नव्या कळफलकाचा एक मोठा तक्ता छापून आणला आणि फ्रिजवर चिकटवला.

तक्ता बघितला आणि मला रागच आला, कारण तो फार शहाणा होता. काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे डाव्या हाताला. व्यंजनं उजव्या हाताला. 'क'च्याच कळेवर 'ख', 'ग'च्याच कळेवर 'घ'. बालवाडीतल्या मुलालाही पटेल अशी मांडणी. माझी जुनी मांडणी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरासारखी: मिठाच्या डब्यात साखर, साखरेच्या डब्यात रवा, आणि मला अंधारात सगळं सापडतं. आता कोणी येऊन डब्यांवर लेबलं लावली होती आणि मला काहीच सापडत नव्हतं.

पहिल्या दिवशी मिनिटाला चार शब्द आले. हो, चार. सगळ्यात छळलं ते पहिल्या वेलांटीने. जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी मारायची, नव्यात नंतर. माझं बोट सवयीने आधीच जायचं. मग ती बिचारी वेलांटी एका ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला धरून लोंबकळत राहायची. आमचे हे मागून डोकावले. हेही कारखान्यातच, पुढच्या वर्षी निवृत्त.

"रांगोळी काढतेस का?"

"अहो, सराव करतेय."

"कर. आमच्याकडे मशीन बदललं की सहा महिने माणसाला कोणी बोलत नाही. हात जागेवर राहिला तरी पुष्कळ म्हणतात."

मग मी हाताशी येईल त्यावर सराव सुरू केला. कणकेच्या गोळ्यावर केला, उशीवर केला. बसमध्ये मांडीवरच्या पर्सवर 'संदर्भ', 'उपरोक्त', 'अनुषंगाने' मारत बसायचे, तर शेजारच्या आजींनी एकदा माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "औषध चालू आहे ना? बंद करू नका हो." मी म्हटलं, "नाही करणार." त्यांना तरी काय सांगणार!

महिन्याभरात चाराचे बारा झाले. पण कार्यालयात काम तुंबलं होतं आणि मागच्या टेबलावरून पुन्हा कुजबुज ऐकू यायला लागली होती. संगणकाला जुन्या मशीनसारखा आवाज नसतो, हा त्याचा मोठाच तोटा. एक दिवस एका शिक्षिकेला सेवेचा दाखला तीन वाजेपर्यंत हवा होता. नुसता छापून द्यायचा होता, कुठे चढवायचा नव्हता. मनात म्हटलं, आज एकदाच जुन्या फाँटमध्ये, चाळीसच्या स्पीडने, कोणाला कळणार आहे? जुनी फाइल उघडली, मान ताठ केली, बोटं ठेवली.

आणि बोटं उभीच राहिली. 'दाखला' लिहायला गेले तर 'द' जुन्या जागी शोधू की नव्या, हेच बोटांना ठरवता येईना. जे उमटलं ते मुख्याध्यापकांच्या पत्रासारखंच होतं. तेलही गेलं, तूपही गेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी हात मांडीवर ठेवून मशीनसमोर नुसती बसले. वडिलांनी दिलेली एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि ती मी स्वतःच्या हाताने मोडून ठेवली होती. डोळ्यांत पाणी आलं, हे इथे लिहायला हरकत नाही; तिथे मी सर्दी झाल्याचं सांगितलं.

मग नव्या कळफलकावर एकेक अक्षर शोधत तो दाखला टाईप केला. शिक्षिका समोर उभ्या होत्या, सारखं घड्याळ बघत होत्या. "बसा ना मॅडम," मी म्हटलं, "उभं राहून तो लवकर होणार नाही." तीनला पाच कमी असताना दिला.

त्याच संध्याकाळी जुना फाँट मी पेन ड्राइव्हवर घेतला आणि माझ्या संगणकावरून काढून टाकला. जुन्या फायली शेजारच्या संगणकावर उघडत होत्या, तेव्हा कोणाचं अडत नव्हतं. अडणार होतं फक्त माझं, आणि तेच मला हवं होतं. पेन ड्राइव्ह ह्यांच्या हातात दिला. "कुठेतरी लपवा. मला सांगू नका. मी रडले तरी सांगू नका."

"परतीचे दोर कापलेस म्हण की."

"कापले."

"बरं. मग भाजीला काय आहे?"

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा कार्यवाहांनी मला केबिनमधल्या संगणकावर बोलावलं. "बाई, एक कार्यालयीन आदेश घ्या." ते खुर्ची खिडकीकडे वळवून बसले आणि बाहेर बघत सांगू लागले. "विषय, अंतर्गत बदली."

मी टाईप केलं. मग त्यांनी नाव सांगितलं. ते माझं होतं.

कार्यालयात मराठी टाईप करणारी मी एकटी. माझ्या बदलीचा आदेश टाईप करायला ते आणखी कोणाला बोलावणार होते? त्यांच्या हे लक्षात आलंच नव्हतं, की आलं होतं म्हणून ते खिडकीबाहेर बघत होते, मला माहीत नाही. स्वतःचं नाव मात्र मी फार झटकन टाईप केलं. कुठलाही कळफलक शिकताना माणूस पहिल्यांदा तेच टाईप करतो.

"सदर कर्मचारी यांना," ते म्हणाले, "नवीन कळफलकावर टंकलेखन करणे अवघड जात असल्याने…"

"पुढे."

"...व त्यामुळे कार्यालयीन कामकाजात विलंब होत असल्याने…"

"झालं. पुढे."

ते अडखळले. शब्द शोधू लागले. मी बोटं कळांवर ठेवून वाट बघत राहिले. विलंब होत होता खरा, पण माझ्याकडून नव्हता. शेवटी "तात्काळ प्रभावाने" आलं, तेही मी घेतलं, कागद छापला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी आधी लाल पेन काढलं. सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग खालून वर. लाल पेन परत खिशात गेलं, निळं निघालं.

"सर, सही करण्याआधी एक विचारू?"

"विचारा."

"हा आदेश नव्या कळफलकावर झालाय. उद्या कोणी म्हणालं, ज्या बाईला टायपिंग जमत नाही म्हणून हलवलं, तिच्या बदलीचा आदेश कोणी टाईप केला, तर मी काय सांगू?"

त्यांनी निळं पेन कागदावर टेकवलं आणि परत उचललं.

"आपण फार बोलता, बाई."

"तीस वर्षांत आजच, सर."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "ते मुख्याध्यापकांचं पत्र अजून पडलंय ना?"

"सकाळीच चढवलं."

"दिसतात त्यात मुख्याध्यापक?"

"मिशांसकट दिसतात."

ते हसले नाहीत. पुण्यात एवढ्यावर हसायची पद्धत नाही.

त्या आदेशावर आजतागायत सही झालेली नाही. रद्दही झालेला नाही, ड्रॉवरमध्ये असेल. पेन ड्राइव्ह कुठे ठेवला ते हे विसरले आहेत, आणि मी विचारलेलं नाही. माझा स्पीड अजून चाळीसला पोचलेला नाही, एकतीसवर अडला आहे. पण आदेशाची फाइल माझ्या संगणकात आहे. रोज सकाळी कामाला बसण्याआधी घड्याळ लावून मी तोच मजकूर सरावाला घेते, विषयापासून "तात्काळ प्रभावाने"पर्यंत, बघायचं नाही, चुकायचं नाही. "टंकलेखन करणे अवघड जात असल्याने" हे आता माझ्या बोटांना सगळ्यात सोपं जाणारं वाक्य आहे.