मळ्यातल्या आईची भीती

आमच्या चाकणजवळच्या निघोज्यात मला बायका ‘देवीची’ म्हणतात. बावीस वर्षं मी मंगळवारी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. उन्हात, चिखलात, खडीच्या रस्त्यावरून अनवाणी देवळात गेले. नवीन लग्न झालेल्या मुलींना त्यांच्या सासवा माझ्या पाया पडायला सांगायच्या, तेव्हा मी पाय मागे घ्यायचे. त्यांना तो विनय वाटायचा. मला मात्र आतून वाटायचं, या पोरीला माझं काही लागू नये. कारण मी देवीकडे जात होते ती गुन्हेगार चौकीवर हजेरी द्यायला जातो तशी. हे मी त्या बावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते आहे, कारण गेल्या वर्षी जे घडलं त्यानंतर गप्प राहणं मला जमत नाही.

माझं माहेर चिंचवड गावठाणातलं. बारावी झाले आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आले. तेव्हा घरची शेती होती आणि मळ्यात बांधाला देवीचा तांदळा होता. नाक-डोळे नसलेला, शेंदराचे थर चढलेला दगड. सगळे तिला मळ्यातली आई म्हणत. पुढे जमीन कंपनीला गेली, तिथं कंपनीच्या कुंपणाची भिंत येणार म्हणून तांदळा हलवायचं ठरलं आणि रस्त्याच्या कडेला छोटं देऊळ बांधलं. घरातल्या धाकट्या सुनेनं आईला ओटीत घेऊन न्यायचं, असं सासूबाईंनी सांगितलं. धाकटी सून मी.

त्या दिवशी पहाटेच मला पाळी आली. अंगणात पाहुणे, दारात वाजंत्री, सासूबाईंच्या हातात माझ्यासाठी काढलेली हिरवी साडी. मी बाहेरची आहे हे सांगायला मी दोनदा त्यांच्याजवळ गेले आणि दोनदा परत फिरले. त्यांचा धाक होता आणि एवढ्या माणसांत लाजही वाटली. मी आईला उचललं, ओटीत घेतलं आणि अर्धा मैल चालत गेले.

तीन महिन्यांनी माझी जुई गेली. चार वर्षांची होती. ताप आला, दुसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठलं. सासूबाईंनी दार लावून घेतलं, उंबऱ्यावर कडुलिंबाच्या डहाळ्या टाकल्या. म्हणाल्या, “आईची पावलं उमटल्यात अंगावर. सुई टोचली तर कोपंल ती. दवाखान्यात न्यायचं न्हाई.” हे तेव्हा कंपनीत रात्रपाळीला होते, दिवसा झोपायचे, सासूबाईंच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत. मी जुईच्या उशाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले, तेव्हा कुठे जीप मिळवली. चाकणला पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर गार झाली होती.

मला त्या क्षणी एकच कळलं. मी विटाळाच्या हातांनी आईला उचललं आणि आईनं माझं मूल नेलं. त्यानंतर बावीस वर्षं मी हाच हिशोब खरा धरून जगले. जुईच्या आधीचा माझा मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, नात झाली. प्रत्येक चांगल्या गोष्टीबरोबर माझी भीती वाढतच गेली, कारण आता तिच्याकडे न्यायला आणखी माणसं होती. सून स्नेहल चिंचवडला ऑफिसात नोकरी करते, शिकलेली आहे. तिलाही मी ते चार दिवस देवघराच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. ती हसायची, पण ऐकायची.

आम्ही घरामागे भाड्यानं दिलेल्या खोल्यांपैकी एका खोलीत सुनंदा राहायची. परभणीकडची, तिशीची. नवरा वारलेला, दोन लेकरं आईजवळ ठेवून इथं वायरिंगच्या कंपनीत लाईनवर उभी राहायची. सुट्टीच्या दिवशी न सांगता देऊळ झाडायची, समई घासायची. मला ती आवडायची. एका मंगळवारी मी देवळात गेले तर ती गाभाऱ्यात दिवा लावून कंबर धरून बसलेली. काय झालं विचारलं तर सहज म्हणाली, “पाळी आलीय मावशी, कंबर मोडायलीय. तरी म्हटलं झाडून घ्यावं, पुन्हा सुट्टी कधी मिळतीय.”

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मी तिच्या हातातला झाडू ओढून फेकला, गाभारा गोमूत्रानं धुतला, आणि घरी येऊन ह्यांना म्हटलं, “आजच्या आज तिला खोली सोडायला सांगा.” हे म्हणाले, “अगं, एकटी बाई हाय. कुठं जाईल?” मी जेवणाचं ताट सरकवून उठले. दुसऱ्या दिवशी सुनंदानं गादी आणि शेगडी रिक्षात घातली. जाताना वाकून नमस्कार केला आणि एवढंच म्हणाली, “मावशी, मी दर महिन्याला येत होते. आई मला कधी काही बोलली नाही.” तिनं शेजारच्या कुरुळीत खोली घेतली असं नंतर कळलं.

त्यानंतर महिन्याभरात माझी नात ओवी तापली. साडेतीन वर्षांची. स्नेहलनं दोन दिवस औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना म्हणाली, “संध्याकाळी डॉक्टरकडे नेतेच. पण ताप चढला तर लगेच फोन करा हं, आई.” मुलगा कंपनीत, हे मोशीला गेलेले. दुपारी ओवीच्या पोटावर बारीक लाल ठिपके दिसले. सासूबाई आता ऐंशीच्या आहेत, खाटेवरच असतात. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “आली गं बया. त्या बाईनं बाटवलं, त्याचंच हे हाय.”

माझ्या हातात फोन होता. स्नेहलचा नंबर सगळ्यात वर होता. मी फोन केला नाही. ओवीला चादरीत गुंडाळलं आणि देवळात नेऊन आईच्या समोर फरशीवर निजवलं. नाक घासलं. म्हटलं, हिच्या बदल्यात मला ने. ओवी आधी रडत होती, मग कण्हायला लागली, मग तेही थांबलं. मी डोळे मिटून तेच तेच म्हणत राहिले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

“मावशी? काय करायलात इथं?”

सुनंदा होती. अंगात कंपनीचा निळा कोट, चेहरा उतरलेला. पुढे तिनंच सांगितलं, तिची पाळी होती, पोट इतकं दुखत होतं की सुपरवायझरनं अर्ध्या दिवसात घरी पाठवलं. एरवी ती संध्याकाळी कंपनीच्या बसनं जायची. त्या दिवशी बस नव्हती, म्हणून हायवेपर्यंत चालत निघाली होती, आणि ती वाट देवळावरून जाते. दोन तास पुढे-मागे झाली असती तर ती तिथं नसती. त्यावर मला वाद घालायचा नाही. घडलं ते असं घडलं.

तिनं ओवीच्या कपाळाला हात लावला आणि दचकली. “लेकरू किती तापलंय! डोळे उघडंना. किती दिवस झाले?”

मी म्हटलं, “तू हात लावू नकोस तिला.”

हे शब्द माझे आहेत. पोर बेशुद्ध पडत असताना मी ते बोलले.

तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ओवीला उचलून खांद्यावर घेतलं. “आई काय पळून चाललीय का? आधी दवाखाना. उठा!” ती रस्त्यात मधोमध उभी राहिली आणि माल घेऊन चाललेला एक टेम्पो तिनं अडवला. ड्रायव्हरनं काही न विचारता दार उघडलं. चाकणपर्यंत ओवीचं डोकं सुनंदाच्या छातीवर होतं. मी शेजारी बसले होते, आणि अजूनही मला भीती कसली वाटत होती तर त्या स्पर्शाची.

डेंग्यू होता. बाटली लावली. डॉक्टर म्हणाले, रात्रीपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. स्नेहलला सुनंदानंच माझ्या फोनवरून कळवलं. ती येईपर्यंत आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. तांदळा, हिरवी साडी, ती पहाट, जुई, सगळं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटी सुनंदानं विचारलं, “मग जुईला दवाखान्यात कधी नेलं होतं?”

“तिसऱ्या दिवशी.”

ती मान खाली घालून हातातल्या चादरीची घडी घालू लागली.

त्या बाकावर मला माझी भीती पहिल्यांदा स्पष्ट दिसली. बावीस वर्षं मी तिला देवीचं नाव दिलं होतं. देवी मला कधीच अडवायला आली नव्हती. मला अडवलं होतं ते सासूबाईंच्या धाकानं, आणि त्या धाकापुढे मुकाट बसून राहिले होते ती मी. जुईला घेऊन दार उघडून बाहेर पडायला मला दोन दिवस होते. दार आतून लावलेलं होतं, कडी माझ्या हाताला पोचत होती. हे कबूल करणं इतकं असह्य होतं की त्यापेक्षा आईच्या कोपाखाली जगणं मला सोपं गेलं. कोप शांत करता येतो, उपास करता येतात. त्या दोन दिवसांचं काहीच करता येत नाही. आणि तीच भीती घेऊन आज मी दुसऱ्या पोरीला फरशीवर निजवलं होतं.

ओवी आठ दिवसांनी घरी आली. त्याच आठवड्यात मी ह्यांच्यासमोर सासूबाईंच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. पाळीचं, आणि दाराच्या कडीचंही. हे उठून बाहेर गेले. ओट्यावर पाठमोरे बसून रडत होते. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, “तवा आमाला काय कळत व्हतं?” आणि थोड्या वेळानं, “तू तरी बोलायचं व्हतंस. तू आई व्हतीस.”

मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही, कारण ते खरं होतं. मी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि म्हटलं, “व्हय आत्याबाई, मी बोलायला हवं होतं.”

सुनंदाकडे कुरुळीला गेले. माफी मागितली, खोली तुझीच आहे, परत ये म्हटलं. तिनं चहा केला, ओवीची चौकशी केली, आणि हसून म्हणाली, “नको मावशी, इथंच बरंय.” मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. काही दिवसांनी तिचं कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती गावी गेली. फोन लागत नाही. आईनं तिला पाठवलं की आपसूक आली, हे मी ठरवत नाही. तिचं ऋण मात्र मी रोज आईसमोर आठवते.

उपास सुटले. देवळात मी अजून जाते, ज्या वाराला वाटेल त्या वाराला. आता तिथं गेल्यावर जुईचं नाव मोठ्यानं घेता येतं. भीती गेली तेव्हा तिच्याखाली दुःख तसंच ताजं होतं. जुईसाठी मी बावीस वर्षांत रडलेच नव्हते, ते आता रडते. शरण जाणं म्हणजे काय, हे मला एवढंच कळलंय: जे आपल्या हातून झालं ते कमी न करता, न वाढवता आईसमोर मांडायचं, आणि पुढचं तिच्यावर सोडायचं. माफी मिळालीच पाहिजे अशी अट घालायची नाही.

स्नेहल माझ्याशी नीट बोलते, पण ओवीला माझ्याजवळ एकटी ठेवत नाही. परवा तिला दुकानात जायचं होतं. दारात थांबली, माझ्याकडे पाहिलं, खेळणाऱ्या ओवीकडे पाहिलं, आणि तिला कडेवर उचलून घेतलं. पूर्वीची मी असते तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं. मी म्हटलं, “ऊन आहे गं, टोपी घाल तिला.” तिनं मागे वळून खुंटीवरची टोपी घेतली. त्या दोघी गेल्या. मी उंबऱ्यात उभी राहून हात जोडले. मागायचं काही नव्हतं. गल्लीच्या टोकाला ओवी कशाला तरी खदखदून हसली, तेवढं मला इथपर्यंत ऐकू आलं.