सासूबाईंच्या गळ्यातली किल्ली

मी माझ्या सासूबाईंबद्दल लिहायला बसलोय आणि त्यांचं नाव घ्यायची मला बंदी आहे. आम्हा गुरं राखून जगणाऱ्या बोराना लोकांत जावयाने सासूचं नाव उच्चारायचं नाही, तिच्या समोर जायचं नाही आणि तिच्याकडे तोंडाने काहीही मागायचं नाही. वाटेत ती दिसली तर रस्ता सोडून काटेरी झुडपात शिरायचं. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. अंगावरच्या निम्म्या ओरखड्यांचं कारण त्याच आहेत. तेव्हा इथेही त्यांना सासूबाईच म्हणतो.

नवरा गेल्यापासून त्या दूध विकून जगतात. दोन गाई, दोघींची धार स्वतः काढायची, आणि ऊन चढायच्या आत भोपळ्याची भांडी पाठीला बांधून बाजार गाठायचा. सहा मुली त्यांनी या दुधावर वाढवल्या आणि सहाही गुरंढोरं असलेल्या घरांत दिल्या. थोरला साडू हलाके, त्याच्याकडे तर दोनशे गुरं आहेत. सर्वांत कमी माझ्याकडे, कारण मी मास्तर. हलाके मला सगळ्यांदेखत विचारतो, "काय मास्तर, तुमची तीस गुरं पटावर हजर आहेत ना?"

काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्हा सरकारने, हवामान निधीतून आमच्या वॉर्डाला, म्हणजे आसपासच्या वस्त्यांना मिळून, पैसे दिले, तिथून ही गोष्ट सुरू होते. दुष्काळ आला की पोती वाटायची, हे पुरे झालं; आता दुष्काळाआधी काय करायचं ते गावाने ठरवावं आणि काउंटीने पैसे द्यावेत, असं ठरलं होतं. अकरा जणांची समिती झाली. बायकांनी सासूबाईंना निवडून दिलं आणि लिहिता-वाचता येतं म्हणून चिटणीस मला केलं. झाली पंचाईत. समितीचं सगळं इतिवृत्त मी भिंतीकडे तोंड करून लिहिलं आहे. हलाकेही समितीत होता, तोही माझ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून.

पुरुषांचं आधीच ठरलं होतं: बाजाराशेजारी नवी बोअरवेल, वर उंच टाकी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं काहीतरी हवं होतं. हलाके म्हणाला, "टाकी उभी राहिली की लोक म्हणतील, यांनी काहीतरी केलं."

माझ्या पाठीमागून आवाज आला, "पाणी बाजारात. आणि गवत?"

सासूबाईच पुढे म्हणाल्या,

"बाजाराभोवती आज बोटभर गवत नाही. तिथे पाणी काढलं की सगळ्या वॉर्डाची गुरं तिथेच बसतील. पोटात पाणी घेऊन उपाशी मरतील. मागच्या वेळी माझ्या बहिणीची अशीच मेली."

त्यांना हवी होती ती जुनी बोअरवेल, इथून दिवसभराच्या चालीवर, राखीव कुरणाच्या मधोमध. तिचं इंजिन नीट करायचं, गुरांना पाणी पिण्यासाठी नव्या दगडी कुंड्या बांधायच्या आणि मग सगळ्याला कुलूप लावायचं. पाणी बंद म्हणजे कुरणात कोणी जाणार नाही. गवत उभं राहील आणि वाईट दिवसांत कामाला येईल. बापजाद्यांची रीत हीच होती. आमच्या पिढीने ती मोडली होती.

"पैसे घालायचे आणि कुलूप लावायचं?" हलाके हसत सुटला. "मग पैसेच कुलपात ठेवू की."

मीसुद्धा हसलो. नंतर हात वर करायची वेळ आली तेव्हा मी टाकीच्या बाजूने हात वर केला, हे इथे कबूल करतो. सहा विरुद्ध पाच मतांनी सासूबाई जिंकल्या.

खरी अडचण वेगळीच होती. किल्ली कोणाकडे द्यायची? आमच्यात तोंडावर पाणी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. आधीच्या वर्षांत तीन राखणदार झाले आणि तिघेही भले होते, त्यामुळेच तिघांनीही किल्ली दिली. कोणीतरी यायचा, सलाम करायचा, घरच्यांची, गुरांची, पावसाची चौकशी करायचा आणि म्हणायचा, "फक्त माझीच गुरं, फक्त दोन दिवस." जुलैपर्यंत कुरण साफ व्हायचं आणि ऑक्टोबरात वाटेवर हाडं पडायची.

म्हातारे विचारात पडले. मागून पुन्हा तो आवाज आला.

"ज्याच्याकडे कोणाला मागताच येणार नाही, त्याच्याकडे द्या. माझे सहा जावई. आमच्यात जावयाचे भाऊही जावईच. या वॉर्डात माझ्यासमोर येऊन हात पसरू शकेल असा गुरंवाला राहिलाय कोण?"

सगळ्यात मोठा म्हातारा, दिका, इतका हसला की त्याला ठसका लागला. "आणि मुली आल्या मागायला तर?"

"त्यांना मी लहानपणापासून नाहीच म्हणत आले आहे."

नियम मी वहीत लिहिला: नदीच्या वाळूत कोपरभर खणूनही पाणी लागेनासं होईल, त्या दिवशी कुलूप उघडायचं. त्याआधी नाही. किल्ली दोरीत ओवून सासूबाईंनी गळ्यात घातली.

त्या वर्षी मार्च ते मे महिन्यांतला मोठा पाऊस आला न आल्यासारखा आला. जुलैत नदीकाठचं गवत संपलं. नदीत पाणी होतं, गुरांच्या पोटात मात्र काही नव्हतं. आणि तिकडे कुरणात गुडघाभर गवत उभं आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हलाकेने बायकोबरोबर तिच्या आईकडे साखरेची पिशवी पाठवली. सासूबाईंनी साखर ठेवून घेतली, तिचाच चहा करून मुलीला पाजला आणि रिकामी पिशवी परत पाठवली.

ऑगस्टात माझ्या चार गाई गेल्या. पाचवी उठेना, तेव्हा माझी अक्कल गहाण पडली. दुपारची नमाज झाली आणि मी सरळ सासूबाईंच्या घरी गेलो. घराकडे पाठ करून कुंपणाबाहेर बसलो. त्या उंच कुंपणाच्या आड, आत होत्या. कुंपणाशी त्यांची शेळी बांधली होती. तोंडाने मागायला बंदी, म्हणून मी शेळीशी बोललो.

"शेळीबाई, तुझ्या मालकिणीला सांग, मास्तराची गुरं मरताहेत. आठ दिवस कुलूप उघडलं तर काही बिघडणार नाही."

मग आतून आवाज आला.

"शेळीबाई, मास्तरांना विचार, कोपरभर खणून बघितलं का?"

"बघितलं. वीतभर खाली पाणी आहे."

"मग त्यांना म्हणावं, नियम तुमच्याच अक्षरात आहे. घरी जाऊन वाचा."

मी उठलो. मागे न बघता, रीत पाळत, सरळ घरी आलो. बायकोला, काबालेला, म्हणालो, "तुझ्या आईला काळीज नाही. तिला काय, तिच्या गाई मजेत असतील." काबालेने चूल पेटवली आणि माझ्यापुढे काळा चहा ठेवला. तिच्या आईकडून येणारं दूध का नाही, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिका म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत नदीच्या वाळूत हात घातला. कोपर बुडालं आणि हात कोरडा वर आला. सासूबाई तिथूनच, आमच्या आधी, निघाल्या. आम्ही गुरं घेऊन पोहोचलो तेव्हा इंजिन धडधडत होतं आणि कुंड्या भरलेल्या होत्या. भोवती नजर जाईल तिथवर वाळलेलं, पिवळं, उभं गवत होतं. एवढं गवत मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं. हलाकेसारखा माणूस गुरांमध्ये उभा राहून रडला. मग डोळे पुसून मला म्हणाला, "धूळ फार आहे, मास्तर."

पाणी पाजायच्या पाळ्या लावल्या होत्या. सासूबाई इंजिनापाशी होत्या, म्हणून आम्ही सगळे जावई लांबच्या कुंड्यांवर. माझी पाळी झाल्यावर काबालेला विचारलं, "आईच्या गाई कुठल्या पाळीत आहेत?"

"कुठल्या गाई?"

"तिच्या दोन."

"एक जुलैत गेली. दुसरी ऑगस्टात. तुम्ही शेळीशी गप्पा मारत बसला होता ना, तेव्हा ती तुमच्या पाठीमागे पडली होती. आई तिच्या तोंडात पाण्यात भिजवलेलं पीठ घालत होती. संध्याकाळी गेली ती."

"मला सांगितलं का नाहीस?"

"आईने सांगू दिलं नाही. म्हणाली, जावयांना कळलं तर कीव येऊन गाई देतील. कुलूप उघडेपर्यंत मला कोणाचं काही नको."

दहा पावलं मागे ती गाय मरत होती, कुलपाची किल्ली त्यांच्याच गळ्यात होती, आणि मला मात्र त्या नियम वाचायला सांगत होत्या. मला माझी भयंकर लाज वाटली. आणि त्याच वेळी, या बाईची मुलगी माझ्या घरात आहे, या विचाराने ऊर भरून आला.

ऑक्टोबरचा दुसरा पाऊस वेळेवर आलाच नाही. शेजारच्या वॉर्डांतल्या वाटांवर हाडं पडली. आमचं कुरण डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुरलं. तेव्हा कुठे तो आला; चार दिवसांचं गवत शिल्लक होतं. जुलैत उघडलं असतं तर काय झालं असतं, हा हिशोब करायला मास्तर लागत नाही. जुलै-ऑगस्टात गेली ती गेली, कुलूप उघडल्यानंतर मात्र वॉर्डातलं एकही जनावर भुकेने मेलं नाही.

पाऊस पडल्यावर आम्ही सहा साडू जमलो. काय करायचं यावर वाद झाला नाही. कालवड कोणाची चांगली यावर मात्र अर्धा दिवस झाला. शेवटी हलाकेची एक घेतली आणि माझी एक. माझी घेतली, हे पुन्हा सांगतो, कारण हलाकेच्या दोनशेंतल्या दुसऱ्या कालवडीपेक्षा ती सरस होती. सासूबाई बाजाराला गेलेल्या बघून आम्ही दोन्ही कालवडी त्यांच्या गोठ्यात बांधल्या आणि झुडपांतून पसार झालो. कोणी बांधल्या हे कोणी सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी काबाले आईकडून आली. हसू दाबत होती.

"आईने निरोप दिलाय. तपकिरी कालवड मास्तरांची, ती जास्त चांगली आहे, म्हणाली."

हे हलाकेला कधी एकदा सांगतो, असं मला झालं. "आणखी काही?"

"म्हणाली, दोन्ही ठेवून घेते. पण त्यांना सांग, कुलूप केव्हाच परत लावलंय. आणि या कालवडीसुद्धा मेल्या, तरी कोपर कोरडं होईपर्यंत ते उघडणार नाही."